आईचं पथ्य

मला पीसीओएस, म्हणजे पाळीचा विकार, निघाल्यापासून आई संध्याकाळी माझ्यासाठी डाळ, परतलेल्या भाज्या आणि दोन उकडलेली अंडी वेगळी काढते. कुणी विचारलंच, तर "माझं पथ्य आहे," म्हणून मोकळी होते. माझं लग्न ठरलंय, उगाच बोभाटा नको.

आज सासरकडची मंडळी पहिल्यांदाच जेवायला आली. माझं जेवण आईच्या ताटात गेलं आणि माझ्या ताटात तळलेलं, गोड, तेही आग्रह करकरून. तेवढ्यात होणाऱ्या सासूबाईंनी पिशवीतून एक डबा काढला आणि आपल्या लेकीच्या, माझ्या होणाऱ्या नणंदेच्या, हातात दिला.

"राग मानू नका हं, माझंही पथ्य असतं. जा गं, जरा गरम करून आण."

दहा मिनिटं झाली तरी ती येईना.

"बघ गं, गॅस पेटत नसेल तिला," आई म्हणाली.

मी आत गेले. गॅस बंदच होता. ती ओट्याला टेकून डब्यातली डाळ भराभर खात होती. मला बघून दचकली.

"आईचं पथ्य," ती पुटपुटली.



मी ड्रॉवरमधून आणखी एक चमचा काढला.