चुलीशेजारचा कोपरा

१९६९ साली नदीकाठच्या टेकाडावर उत्खनन चाललं होतं. हौसा तिथे माती उपसायची. त्याच वर्षी आषाढात तिचं तान्हं गेलं होतं. घरच्या पुरुषांनी कुठे पुरलं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एका पुरातन घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी निघाली. आत इवलीशी हाडं होती.

"घरातच पुरलं व्हय, बाई?" हौसाने विचारलं.

"तीन हजार वर्षांपूर्वी तशी रीत होती," उत्खननाच्या बाई म्हणाल्या. "लेकरू आईजवळ राहावं म्हणून असेल."

हौसा रडली नाही. तिने पाटी उचलली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं, "आपलं कुठं पुरलंय?"

"ओढ्याकाठी. पुरात काठच गेला."

मडकी संग्रहालयात काचेआड गेली. नवरा पुढे वारला. हौसा म्हातारपणीही घर सारवायची. चुलीशेजारचा कोपरा मात्र हलक्या हाताने. त्याखाली काहीच नव्हतं.