चष्मेवाली येणार

"चष्मेवालीला बोलावलंयस?" नवऱ्याच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला.

"मग? तिच्याशिवाय मेळावा कसला?" बायको साबणाच्या लादीतून तार ओढत म्हणाली. तारेखाली एकसारख्या वड्या पडत होत्या. "आपली सगळ्यात पहिली सभासद आहे ती."

"त्यांना जमेल का पण?"

"न जमायला काय झालं? आणि तुम्ही का घामाघूम झालात?"

घाम फुटायला कारण तसंच होतं. चष्मेवाली म्हणजे तोच होता.

बायकोनं घरी साबण करून इंटरनेटवर त्याचं पान सुरू केलं, तेव्हा तिथं चिटपाखरूही फिरकत नव्हतं. तिनं फोटो टाकायचे आणि तिच्या बहिणीनं आवडल्याचा अंगठा टाकायचा, एवढीच काय ती वर्दळ. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, हे साचे कुणाला तरी देऊन टाकते. उगाच जागा अडवतात." वरवर हसली, पण त्याला ते हसणं बघवलं नाही. तो चष्म्याच्या दुकानात कामाला. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यानं नवं खातं उघडलं, नाव काय द्यावं ते सुचेना, म्हणून काउंटरवर समोर पडलेल्या चष्म्याचाच फोटो लावला, नावही 'चष्मेवाली' ठेवलं आणि विचारलं, "ताई, हात फार कोरडे पडतात. कुठला साबण चालेल?"

बायकोनं पानभर उत्तर लिहिलं. ते वाचून आणखी एकीनं विचारलं, मग तिच्या जावेनं. बघता बघता गोतावळा जमला. कुणी काहीही विचारो, बायको स्वतः उत्तर द्यायची. नवा वास कुठला घ्यायचा हे सभासद ठरवायचे. झिजलेल्या वड्यांचे फोटो टाकायची तर चढाओढ लागायची. एकदा एक घाणा बिघडला, तेव्हा तिनं तसं उघड सांगून सगळ्या वड्या परत मागवल्या. लोकांनी वड्या तर पाठवल्याच, वर "मनाला लावून घेऊ नका" असंही लिहिलं. "आपल्या घरात लपवाछपवी नाही," हे तिचं वाक्य सभासदांना तोंडपाठ झालं होतं.

आणि या बिनलपवाछपवीच्या घराचा पहिला चिरा म्हणजे हा नवरोबा!

खरं तर चष्मेवालीचं काम कधीच संपलं होतं. पण मध्येच बायको तिला खासगीत लिहायला लागली. लेक सासरी गेल्यापासून घर खायला उठतं, आमचे हे जेवताना पेपरातून मान वर काढत नाहीत, संध्याकाळी कुणी नुसतं सोबत चाललं तरी बरं वाटेल. हे वाचून त्याला चोरट्यासारखं व्हायचं. पण त्यानं पेपर बाजूला ठेवला. संध्याकाळी पायात चपला सरकवून "येतेस का?" म्हणू लागला. घरात पुन्हा गप्पा सुरू झाल्या, आणि तो सुखावला. आता हे सगळं एका मेळाव्यानं धुळीला मिळणार होतं.

त्या दुपारी दुकानातून चष्मेवालीनं कळवलं, "पाय मुरगळलाय, येणं जमणार नाही."

बायकोचं उत्तर लगेच आलं, "अगं बाई! मग आम्हीच सगळे तुमच्याकडे येतो. पत्ता द्या."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईनं त्यानं लिहिलं, "नको नको, आता पुष्कळ आराम आहे. येते मी." आगीतून उठला आणि फुफाट्यात पडला.

मेळाव्याच्या दिवशी तो सकाळपासून जेवला नाही. हॉल भरून गेला. बायका वड्या नाकाशी नेत होत्या, एक आजोबा नातीला साबण मुरवावा का लागतो ते समजावत होते. फोटोतून ओळखीची झालेली माणसं एकमेकांना कडकडून भेटत होती. बायको नव्या साडीत इकडून तिकडे धावत होती, आणि तिच्याकडे बघून त्याचा ऊर भरून येत होता. हे सगळं खोट्याच्या पायावर उभं राहू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. सगळ्यांसमोर कबूल करायचं. मग ती काय म्हणेल ते म्हणो.

"आता आपली पहिली सभासद!" बायको माईकवर म्हणाली. "चष्मेवाली मावशी, पुढे या!"

तो उठला. तोंड उघडणार, एवढ्यात शेवटच्या रांगेतून जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई उभी राहिली.

"आले हं! पाय अजून जरा दुखतोय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई पुढे गेली, कोरड्या हातांची गोष्ट सांगून तिनं सगळ्यांना हसवलं. बायकोनं तिला मिठी मारली. हा मात्र मटकन खुर्चीत बसला.

कार्यक्रम संपल्यावर बाईची पिशवी उचलून तो तिला फाटकापर्यंत सोडायला गेला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं विचारलं, "बाई, खरं सांगा, तुम्ही कोण?"

बाईनं चष्मा काढून डोळे चोळले. "आधी हा घ्या बाबा, तुमच्या सासूबाईंचा आहे. डोकं भणभणलं माझं. मी तुमच्या बायकोची शाळेतली मैत्रीण. तुमच्या लग्नाला येता आलं नव्हतं, म्हणून आपली ओळख नाही. तिचा फोन आला, म्हणाली, गंमत करायला गेले आणि आमच्या ह्यांनी जेवण टाकलंय, येऊन सोडव त्यांना."

त्याचे कान तापले. "म्हणजे तिला... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कोरडे हात तुमचे, चष्मा तुमच्या दुकानातला. तिला काय आंधळी समजलात?" बाईनं पिशवी घेतली आणि जाता जाता वळली. "आणि हो, निरोप आहे. ते खातं बंद करू नका म्हणाली. तोंडावर सांगायला जमत नाही, असं अजून बरंच तिला तुम्हाला सांगायचंय."