दुनळीची पारख

"दर दसऱ्याला पॉलिश पेपरने घासतो मी हिला," विश्वासराव हातातली दुनळी बंदूक दाखवत अभिमानाने म्हणाले.

ती विकत घ्यायला आलेले, जुन्या बंदुका जमवणारे कारखानीस मात्र हादरले. घासून घासून दुनळीची डावी नळी पत्र्याएवढी पातळ झाली होती. आणि संध्याकाळी जत्रेची पालखी निघताना विश्वासरावांचा मुलगा तिनेच मानाचा बार काढणार होता.

"बार काढू नका. नळी फुटेल."

"भाव पाडताय होय?"

बंदूक घरातून बाहेर पडावी म्हणून कारखानिसांनी घाईघाईने आधी बोललेल्या किमतीच्या दुप्पट किंमत सांगितली.

"दुप्पट? म्हणजे माल एक नंबर!" विश्वासराव खदाखदा हसले. "आता तर विकतच नाही."

कारखानिसांना घाम फुटला. आपल्याच जिभेने त्यांनी पोराला त्या नळीमागे उभं केलं होतं.

विश्वासरावांनी मुलाला डोळा मारत डाव्या नळीत काडतूस सरकवलं. "पाहुणे, एवढी आवडलीय तर पहिला बार तुमचा."

कारखानिसांनी बंदूक खांद्याला लावली.

"मुलाला आधी लांब पाठवा," ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

विश्वासरावांचं हसू मावळलं. त्यांनी बंदूक अलगद काढून घेतली, काडतूस काढलं.

"जा रे," ते मुलाला म्हणाले, "पालखीच्या बारासाठी दुकानातून सुतळी बॉम्ब घेऊन ये."