कामाचं तेवढंच

मृदुलाने बनवलेलं टूल वेबपेज आणायचं, जाहिराती-बिहिरातींचा पसारा झाडायचं आणि फक्त मजकूर एआयच्या हवाली करायचं. चाचणीसाठी तिने आईचा जुना पाककृतींचा ब्लॉग निवडला. आईला जाऊन वर्ष झालं होतं.

एआयने फणसाच्या सांदणांची कृती वाचून दाखवली. बाबांनी डोळे मिटून ऐकली.

“आणि खालचं?”

“प्रतिक्रिया गाळतं ते, बाबा. त्यात कामाचं काही नसतं.”

“मी तिथेच असायचो गं.”

बाबांची उभी हयात बोटीवर गेली होती. मृदुलाने मूळ पान उघडलं.

“आज बोटीवर पुन्हा उकडलेले बटाटे. तुझी सांदणं आठवली,” तिने बाबांची प्रतिक्रिया मोठ्याने वाचली. त्याखालचं आईचं उत्तर ती वाचणार, तोच बाबा डोळे न उघडता म्हणाले, “तुमच्या वाटची दोन झाकून ठेवलीत.”