चौकटीचा विरोध

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर होऊन महिना झाला होता. पाचच्या आत प्रोजेक्टच्या सर्किटचं ड्रॉइंग छापून त्यावर गाईडची सही घेतली नाही, तर बिडकीनच्या सूर्यभानचं वर्ष जाणार होतं. त्यानं कॉम्प्युटरवर पानाच्या खालच्या चौकटीत विद्यापीठाचं नवं नाव पूर्ण टाइप केलं, तर शेवटचा शब्द रेघेबाहेर गेला.

"बसत नाही बघ," गाईड पाटोदेकर सर मागून म्हणाले. "माझा नावाला विरोध नाही बाबा, चौकटीचा आहे. जुनंच टाक."

"पान मोठं करतो ना, सर."

"प्रिंटर लहान पानाचाच आहे. आणि पाचला दहा कमी आहेत. सही हवीय ना?"

याच नावाच्या मागणीपायी सूर्यभानचा बाप आठ दिवस हर्सूलच्या जेलमध्ये राहून आला होता. सूर्यभाननं चौकटीतली मधली रेघ सरकवली, शेजारच्या कप्प्यातलं काहीतरी खोडलं आणि छापलेला कागद सरांपुढं धरला. नवं नाव ऐसपैस बसलं होतं.

सरांनी शेजारचा स्वतःच्या नावाचा कप्पा पाहिला.

"माझी पीएच.डी. कुठं गेली रे?"

"ती अजून व्हायचीय ना, सर? झाली की टाकू परत. तिच्या सर्टिफिकेटवर बी आता हेच नाव येणार, नाय का?"



सरांनी सही केली. ती चौकटीबाहेर गेली, पण तेवढं चालतं म्हणाले.