निळी जीभ

"जीभ दाखव," बाप म्हणाला.

पोरीनं तोंड मिटलेलंच ठेवलं. बापानं तिची हनुवटी धरली, अंगठा गालात रुतवला आणि तोंड उघडायला लावलं. जीभ निळी होती, थेट मुळापर्यंत.

"पिंप चाखलंस."

पोर मुद्देमालासकट सापडली होती.

डब्यातले तयार रंग बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट. निळीचं पिंप तेव्हा जिभेनं ओळखायचं. कच्चं असलं तर कापड पहिल्याच धुण्यात फिकं पडायचं, जास्त झालेलं असलं तर डाग धरायचं, आणि दिसायला दोन्ही सारखीच. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, थुंकायचं आणि सांगायचं, सोडा कापड, नाहीतर थांबा. ही चव आमच्या घराण्यात फक्त मुलग्यांना शिकवत. मुलगी आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जायची, तिला शिकवून दुसऱ्याची धन कोण करणार? त्यातून ही तर परवा गावातल्या दुसऱ्या रंगाऱ्याचीच सून व्हायची होती. त्या घरात बायकाही पिंपाशी उभ्या राहतात असं तिनं ऐकलं होतं. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"सासऱ्याला आंदण न्यायला शिकलीस होय गं?"

तिनं भावाकडे पाहिलं. भाऊ दाराशी उभा होता, चांगला मिशा फुटलेला घोडा. हा भाऊ म्हणजे माझे खापरपणजोबा. निळीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता असं आमच्याकडे अजून अभिमानानं सांगतात. तर ते अभिमानास्पद गृहस्थ मूग गिळून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

पिंपात घालायला कळीचा चुना घरात असायचाच. बापानं वाटीत एक खडा घेतला आणि त्यावर पाण्याचा हबका मारला. खडा चरचरून फुटला, वाफा निघाल्या.

"अहो, नको," आई म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा बघून ती पोरीच्या मागं गेली आणि तिनं तिचे दोन्ही हात धरले. "बरं, निदान ओठाला लागू देऊ नका. परवा लग्न आहे."

बाप चिडलेलाही नव्हता. पिंपात घालावा तितक्याच बेतानं त्यानं चमच्यानं चुना तिच्या जिभेवर ठेवला आणि हनुवटी खालून दाबून धरली. पोर तडफडली. तोंड दाबलेलं, ओरडणार कुठून? रडत होती ती आई, पण हात काही सोडत नव्हती. मला ही बाई कधी समजली नाही आणि समजून घ्यायचीही नाही.

"झालं," बाप म्हणाला. "आता खुशाल जा सासरी."

हात धुऊन तो पिंपाशी गेला. गाडीभर कापड सकाळीच भिजवून ठेवलेलं होतं, ते आज रंगात गेलं नसतं तर वाया जायचं. म्हातारपणानं बापाच्या स्वतःच्या जिभेची चव केव्हाच गेली होती. सगळी भिस्त मुलावर.

"चाख रे. सोडायचं का सांग."

मुलानं बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकला. पुन्हा बुडवलं, पुन्हा थुंकला. बाप वाट बघत होता.

"आलोच," मुलगा म्हणाला आणि बोट तसंच वर धरून आतल्या खोलीत पळाला.

बहीण तोंडाखाली परात धरून भिंतीशी बसली होती. आई तिच्या तोंडात पाणी ओतत होती. तो बहिणीसमोर उकिडवा बसला.

"ताई, एकदाच," तो म्हणाला. "रोज सांगतेस तसं. नाहीतर मी बाबांना काय सांगू गं?"

आणि त्यानं ते ओलं बोट तिच्या तोंडाशी नेलं.

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानं ते धरून परत आपल्याकडे वळवलं.

बाप मागोमाग आला होता. दारात उभ्या उभ्या त्यानं सगळं ऐकलं, सगळं पाहिलं. त्याला काय कळायचं ते कळलं. आता हा मुलाला फोडून काढणार असं वाटून आई मुलाच्या पुढं येऊन उभी राहिली. पण बापानं मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो पोरीच्या तोंडाकडेच बघत होता.

"मध लाव तिच्या जिभेला," तो बायकोला म्हणाला. "चांगला जाड लाव. आणि त्या लोकांना निरोप धाड, लग्न मोडलं म्हणावं."