भिंतीवरचा झेंडा

“मिस वेल्मा, हा फोटो टाकला तर मला हाकलून देतील का हो?”

हैसमने फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर सरकवला. वेल्माबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांच्या वरच्या खोलीत राहून हा लेबननचा पोरगा फ्लोरिडातल्या विद्यापीठात शिकत होता. काल त्याची आजी गेली. घरचे सगळे तिचे फोटो टाकत होते, आणि आत्या विचारत होती, तुलाच आजीची लाज वाटते का?

फोटोत आजी खुर्चीवर बसलेली, मागे वडील उभे. त्यांच्या मागच्या भिंतीवर पिवळा झेंडा रंगवलेला.

“हा त्या दहशतवाद्यांचाच ना?” बाईंचा आवाज बदलला.

“गावात सगळ्याच भिंतींवर आहे. आम्ही नाही रंगवला.”

दहशतवादी संघटनेची बाजू घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची फीची सवलत राज्याच्या नव्या कायद्याने जात होती, आणि नाव केंद्राकडे कळवलं जात होतं. आजीचा फोटो म्हणजे बाजू घेणं का, हे हैसमला कुणी नीट सांगत नव्हतं.

“माझा लेक टॉमी बैरुतला आपल्या सैन्याच्या छावणीत गेला, ठाऊक आहे ना तुला? ह्यांच्याच स्फोटात. हा कायदा झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. उद्याही वाजवीन.”

“ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला विचारलं.”

बाईंनी हातातली शेंग सोलून संपवली. मग एप्रनला हात पुसून त्यांनी चष्मा लावला.

“भिंत काप.”

हैसमने चौकट आत ओढली. झेंडा गेला. त्याच्याबरोबर वडिलांचा चेहरा गेला, छातीही गेली. आजी राहिली आणि तिच्या खांद्यावर एक हात, मनगटापासून तुटलेला.

“हाही काढू का? कसासाच दिसतोय.”

“खबरदार! लेकाचा हात आहे तो.”

त्याने फोटो टाकला. पाठोपाठ आत्याचा संदेश आला. हैसमने वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

“काय म्हणते?”

“माझ्या भावाला का कापलंस, म्हणते.”

“आण इकडे.”

बाईंनी फोन ओढून घेतला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं :

‘मी कापायला लावलं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. पोरगं सकाळपासून जेवलेलं नाही, आता त्याला जेवायला वाढते. वेल्मा.’